अडतीस व्होल्ट

उद्यमनगरात दुपारी चारला लेथ जरा दमतात,
फाउंड्रीची काळी वाळू चहाच्या सायीवर उतरते.
तेव्हा शेवंताकाकी परीट आल्या,
पदराखाली इस्त्री, तापलेलं लेकरू आणावं तशी.
"तापंना झालीया. पयला तासभर बरी असती,
मग निस्ती कोमट.
बँडवाल्यांचे अठरा कोट हाईत, उद्या लगीन."

मी आयटीआयची, दुसरं वर्ष, अक्कल ताजी.
म्हटलं, कॉईल थोडी कापू,
रोध कमी होईल, करंट वाढेल, तापेल झक्कास.
दस्तगीरमामांनी वाइंडिंगची तार हातातून सोडली नाही.
"कापशील की. आणि मोजशील कधी?"

मोजलं.
आमच्या प्लगवर दोनशे तीस,
चिमट्याच्या मीटरवर चार पॉइंट पस्तीस.
बिलबुकाच्या पाठीवर भागाकार: त्रेपन्न ओहम, केसभर कमी.
गुणाकार: हजार वॅट.
इस्त्रीच्या पत्र्यावर झिजलेला आकडाही तोच.
मामा म्हणाले, "हिचा काय दोष न्हाई.
हिचं घर बघून ये."

राजारामपुरी, सातवी गल्ली, जिन्याखालचा गाळा.
प्लग मोकळा: दोनशे अठ्ठावीस.
इस्त्री लावली, तासभर बसले,
काकींनी तीन कोट उरकले, चौथ्याची बाही अडली.
आता प्लगवर एकशे नव्वद,
करंट तीन पॉइंट सहा.
भागले. त्रेपन्नच.
गुणले. सहाशे चौऱ्याऐंशी.
कॉईल तीच, फक्त तिच्यापर्यंत पोचतंय कमी.

"वाटंत सांडत आसंल," काकी म्हणाल्या.
फोनवर मामा ओरडले, मागे ग्राइंडर चालू,
"वीज सांडत न्हाई, पोरी!
गेलेले अडतीस घे, तीन पॉइंट सहानं गुण."

एकशे सदतीस.
म्हणजे या गाळ्यात कुठंतरी
एक मोठा बल्ब रोज जळतोय
आणि उजेड कुणाला दिसत नाही.

वायरीमागं निघाले.
मीटरपासून पिवळी, खिळ्यावरून, पतपेढीच्या कॅलेंडरामागून,
मग खाली,
न धुतलेल्या कपड्यांच्या गठुळ्यात शिरलेली.
मेन पाडला. गठुळं ओढलं.
चिकटपट्टी गुंडाळलेला जुना जोड, काळा, चुरचुरीत.
मामांची शिकवण: वीज बंद केली तरी
तळहात नको, हाताची मागची बाजू लाव,
तळहाताला धरून ठेवायची खोड असते.
लावली.
चटका.
वरच्या चादरीवर एक तपकिरी डाग,
इस्त्रीच्या आकाराचा नव्हता तो.

काकी डागाकडं बघत राहिल्या.
"आणि मी यावरच डोकं टेकून निजतो की गं दुपारी," म्हणाल्या,
आणि उगाच चादर झटकली.

नवी वायर, अखंड, मधे जोड नाही.
दोनशे सव्वीस. चार पॉइंट सत्तावीस.
नऊशे पासष्ट वॅट.
पाण्याचा थेंब तव्यावर पडावा तसा नाचला.
आणि पहिल्याच कोटाची कॉलर जळली.
वर्षभर कोमट इस्त्रीवर
काकींचा हात सावकाश चालायला शिकला होता.
त्या हसल्या, मग एक अस्सल शिवी दिली,
कुणाला ते कळलं नाही.
"आता परत शिकायचं म्हणायचं."

बिल मी लिहिलं: वायर सहा मीटर,
मोजणीचे पैसे नाहीत.
मामांनी ते खोडून वीस रुपये मांडले,
"मोजलंस ना? मग मजुरी हाय ती."

घरी पोचले तेव्हा आई ओट्याला टेकून उभी,
गॅस बंद, भाजी अर्धी चिरलेली.
सकाळी ही बाई पूर्ण दोनशे तीस असते.
मी विचारलं, काय झालं.
"काय नाही," ती म्हणाली, रोजचंच.

मीटर दुकानात राहिला होता.
मी तिच्या हातातली विळी घेतली, बाजूला ठेवली,
आणि तिच्या मानेला हात लावून पाहिला,
मागच्या बाजूनं.